मेन स्विच बसवायचा, पण कशासाठी?

आमच्या गाडीच्या बॅटरीला कट-ऑफ स्विच बसवावा की नाही, यावरून घरात दोन पक्ष पडले आहेत. एका पक्षात माझा थोरला भाऊ, दादा. तो एसटीत इलेक्ट्रिशियन होता, आता कराडला असतो, आणि २४ व्होल्टच्या खालच्या सगळ्या गाड्यांना खेळणी समजतो. दुसऱ्या पक्षात माझी मुलगी मुक्ता. ती चाकणच्या एका कारखान्यात गाड्यांच्या वायरिंगची आखणी करते. वादाला निमित्त माझं. मी चार महिन्यांसाठी मुलाकडे मेलबर्नला निघाले आहे आणि आठ वर्षांची पेट्रोल गाडी पुण्यात सोसायटीच्या तळघरात उभी राहणार आहे. दोघांचं बोलणं आठवेल तसं लिहिते. त्यातला तांत्रिक भाग दोघांकडून तपासून घेतला आहे. टोमणे तपासलेले नाहीत.

दादा : यात वाद घालण्यासारखं आहे काय? गाडी उभी राहणार म्हणजे बॅटरी उतरणार. मेन स्विच टाकायचा, बंद करायचा आणि विमानात बसायचं. २०२१ च्या दिवाळीच्या सुमाराला एसटीचा संप सुरू झाला तो २०२२ च्या एप्रिलपर्यंत चालला. आगाराआगारांत गाड्या रांगेनं उभ्या. मी तोवर रिटायर झालो होतो, तरी पोरांना फोन करून सांगायचो, बाकी राहू दे, मेन स्विच बंद आहेत का तेवढं बघून या.

मुक्ता : मामा, तुमच्या जुन्या बसची किल्ली काढली की मागे चालू काय राहायचं?

दादा : काय राहणार? घड्याळ नाही, रेडिओ नाही. काहीच नाही.

मुक्ता : आईच्या गाडीत राहतं. रिमोटचं बटण कधी दाबलं जाईल याची वाट बघणारा रिसीव्हर असतो, अलार्म असतो, इंजिनच्या कॉम्प्युटरची आठवण असते, रेडिओची असते. ही गाडी कधी पूर्ण बंद होतच नाही, झोपते. झोपेतही तिला वीस ते पन्नास मिलिअँपिअर लागतात. आम्ही गाडीची आखणी करतो तेव्हा प्रत्येक पेटीला झोपेत किती करंट घेता येईल हे ठरवून दिलेलं असतं. बाहेरून स्विच लावून ते सगळं एकदम तोडायचं म्हणजे आमच्या हिशोबाबाहेरचं काम.

दादा : तुमचा हिशोब कारखान्याच्या दारापर्यंत. गाडी शोरूममधून निघते ती थेट ॲक्सेसरीवाल्याकडे जाते. तिथं मोठा स्टिरिओ बसतो, मागचा कॅमेरा बसतो, दोन हॉर्न, पायाखाली निळे दिवे, आणि आता तो ट्रॅकर. जिथं वायर सापडेल तिथं सोलून जोडतात. तुझे पन्नास मिलिअँपिअर त्या दुकानात संपतात.

मला हे पटलं. मुक्तालाही पटलं असावं, कारण तिने पुढे वाद न घालता मीटर काढला.

मोजणीवरूनही जुंपलीच. दादाची पद्धत अशी की निगेटिव्ह टर्मिनल काढायचं आणि टर्मिनल व पोस्टच्या मध्ये पाच वॅटचा बल्ब धरायचा. बल्ब पेटला तर कुठेतरी गळती आहे, नाही पेटला तर गाडी निर्दोष. जुन्या बसला ही परीक्षा पुरेशी होती. नव्या गाडीत बल्ब मध्ये आला की पुढे व्होल्टेज कमी पोचतं, कॉम्प्युटर अर्धवट जागे होतात आणि भलताच आकडा मिळतो. मुक्ताने मीटर दहा अँपिअरवर ठेवून निगेटिव्हच्या मालिकेत जोडला, दारं लावून घेतली, किल्ली वरच्या मजल्यावर पाठवली आणि आम्हाला अर्धा तास गाडीला हात लावू दिला नाही. सगळ्या पेट्या झोपी जायला एवढा वेळ लागू शकतो. त्या अर्ध्या तासात कुणी सेल्फ मारला असता तर मीटरचा फ्यूजच उडाला असता.

अर्ध्या तासाने आकडा होता १६० मिलिअँपिअर.

मुक्ता : हे काहीतरी भयंकर आहे. दिवसाला जवळजवळ चार अँपिअर-अवर. बॅटरी ३५ ची. नऊ दिवसांत चट्टामट्टा.

दादा : आता फ्यूज एकेक काढत जा.

मुक्ता : काढायचे नाहीत. फ्यूज काढून परत घातला की झोपलेली पेटी जागी होते. फ्यूजच्या पाठीवर दोन टोकं उघडी असतात, त्यांच्यावर मिलिव्होल्टमध्ये मोजायचं. जिथून करंट जातोय तिथे मीटर काहीतरी दाखवतो.

चोर डॅशकॅम निघाला. बसवणाऱ्याने त्याची वायर किल्लीवर न देता थेट बॅटरीच्या लाइनवर दिली होती. तो काढल्यावर आकडा तीसवर आला. मुक्ता जिंकल्याच्या थाटात हात झटकत उठली. रोग सापडला, आता स्विच कशाला, असं तिचं म्हणणं. दादाने माझ्या हातातला वाणसामानाच्या यादीचा कागद घेतला आणि मागच्या बाजूला गुणाकार केला.

दादा : तीस मिलिअँपिअर म्हणजे रोजचे पाऊण अँपिअर-अवर धर. थोडं कमीच. चार महिन्यांचे एकशे वीस दिवस. झाले की नाही ८६? बॅटरी ३५ ची. तुझ्या निरोगी गाडीची बॅटरीसुद्धा दोन महिन्यांच्या आत मुडदा होणार. आणि पूर्ण उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट धरतं, मग चार्ज केली तरी पहिल्यासारखी होत नाही.

मुक्ता : मी कुठे नाही म्हणतेय? निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवा. दहाचा पाना, दोन मिनिटं. कापडात गुंडाळून बाजूला. स्विच विकत घ्यायचा, केबल कापायची, दोन नवे जोड करायचे, कशासाठी? प्रत्येक नवा जोड म्हणजे बिघडायला एक नवी जागा.

दादा : आणि तुझी आई दर वेळी पाना घेऊन बॉनेटमध्ये वाकणार? टर्मिनल वारंवार काढ-घाल केलं की सैल पडतं. शिशाचं असतं ते, आवळून आवळून किती आवळशील?

मधेच शेजारच्या एका गृहस्थांनी सुचवलं की वॉचमनला किल्ली द्यावी, तो पंधरा दिवसांनी गाडी दहा मिनिटं चालू ठेवेल. या एका ठिकाणी मामा-भाचीचं पूर्ण एकमत झालं, आणि त्या गृहस्थांना दोघांनी मिळून गप्प केलं. जागेवर उभ्या इंजिनाचा अल्टरनेटर मंद फिरतो, बॅटरी चार्ज आपल्याच गतीने घेते, आणि दहा मिनिटांत सेल्फने ओढलेलं कसंबसं भरून निघतं. इंजिन नीट तापत नाही ते वेगळंच. बॅटरीला चार्जर लावून ठेवणं हा उत्तम उपाय खरा, पण आमच्या तळघरात माझ्या जागेजवळ प्लग नाही, आणि सौर पॅनेलला तळघरात ऊन कुठून मिळणार?

दादा : आणखी एक राहिलं. तळघरात उंदीर आहेत. बॅटरीपासून सेल्फला जाणारी जी जाड केबल असते, तिला फ्यूज नसतो. उंदरानं तिचं आवरण खाल्लं आणि तांबं बॉडीला टेकलं की काय होतं ते मी डोळ्यांनी बघितलंय. निगेटिव्ह तोडलेला असेल तर केबल खुशाल टेकू दे, करंटला परत यायला वाटच नाही.

मुक्ता : हे मान्य. आमच्याकडेसुद्धा त्या केबलला जपूनच फिरवतात, कारण सेल्फचा करंट सांभाळणारा फ्यूज सहसा देत नाहीत.

माझ्या मते स्विचच्या बाजूने याहून भक्कम मुद्दा दोघांपैकी कुणी मांडला नाही, आणि तो बॅटरी उतरण्याशी संबंधित नव्हता. आग लागल्यावर धावत जाऊन मेन स्विच बंद करायला माणूस जवळ असावा लागतो. उभ्या गाडीचा स्विच आधीच बंद असतो. पेट्रोल वाहणाऱ्या टँकरला बॅटरी तोडणारा जाड स्विच नियमानेच लागतो. माझी गाडी टँकर नाही, पण वरती तीस कुटुंबं राहतात.

मग स्विच कोणत्या बाजूला, यावर संध्याकाळ गेली.

मुक्ता : लावायचाच तर निगेटिव्हला. पाना फिरवताना चुकून बॉडीला लागला तरी ठिणगी नाही.

दादा : निगेटिव्हच. पण कारण ऐकून ठेव, ते तुला कारखान्यात कुणी सांगणार नाही. बसला बारा-बाराच्या दोन बॅटऱ्या मालिकेत असतात. एखाद्याला टेप लावायचा असतो, टेप १२ व्होल्टचा. तो काय करतो, दोन बॅटऱ्यांच्या मधल्या जोडातून वायर घेतो आणि दुसरं टोक बॉडीला देतो. खालची बॅटरी उतरत जाते, वरची जास्त चार्ज होऊन उकळते, आणि दोन्ही मरतात. आता मेन स्विच पॉझिटिव्हला असेल तर तू स्विच बंद करून घरी जाशील आणि टेप रात्रभर चालूच राहील. निगेटिव्हला असेल तर टेपही मेला.

मुक्ता : तो टेपवाला दुसरं टोकही थेट बॅटरीच्या पोस्टला देईल मग?

दादा : देतोच ना! म्हणून स्विच लावल्यावर पोस्टवर एकही वायर ठेवायची नाही. बॉडीची, इंजिनाची, कुणाचीही असो, सगळ्या अर्थ वायरी स्विचच्या पलीकडे. एक जरी राहिली तरी स्विचला अर्थ नाही.

मुक्ता : स्टार्ट-स्टॉपवाल्या गाड्यांत निगेटिव्ह टर्मिनलवरच एक सेन्सर बसवलेला असतो, बॅटरीत किती गेलं, किती आलं ते मोजणारा. तिथे एखाद्या वायरमनने न बघता केबल कापली तर गाडीचा हिशोबच चुकतो. आईची गाडी जुनी आहे, तिला सेन्सर नाही. म्हणून मी एवढं ऐकून घेतेय.

दादाने खिशातून स्विच काढला. तो येतानाच घेऊन आला होता. टर्मिनलवर बसणारा, हिरव्या गोल मुठीचा, मूठ सैल केली की करंट तुटतो असा. मुक्ताने तो हातात घेऊन मूठ हलवली. ती डुगडुगत होती.

मुक्ता : यावर करंट किती लिहिलाय?

दादा : लिहिलेला नाही. पण लोक वापरतात.

मुक्ता : सेल्फ मारताना ही छोटी गाडी दीडशे अँपिअर तरी ओढते. समजा या मुठीच्या आत पाच मिलिओहमचा अडथळा आहे. पाऊण व्होल्ट इथेच जाणार, आणि शंभर वॅटच्या वर उष्णता या चिमूटभर पितळेत. पुन्हा ही ठिणगी पाडणार बॅटरीच्या डोक्यावर. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, हवेत तो चार टक्के झाला तरी पेट घेतो. स्विच बॅटरीपासून हातभर लांब, घट्ट पत्र्यावर, आणि त्यावर दोन आकडे छापलेले हवेत. सतत किती अँपिअर आणि सेल्फ मारताना काही सेकंद किती.

दादाने मूठ मुकाट्याने खिशात टाकली. पण थोड्याच वेळाने दुसरी बाजू लावून धरली.

दादा : बाजारात एक स्विच मिळतो, त्याला समांतर छोटा फ्यूज असतो. मेन बंद केला तरी घड्याळ, रेडिओची आठवण तेवढी चालू राहते. चोरानं किल्ली फिरवली की फ्यूज उडतो, गाडी जागेवर.

मुक्ता : चोरासाठी ठीक. पण मग तो तीस मिलिअँपिअर त्याच फ्यूजमधून चार महिने जाणारच ना? एकाच स्विचकडून घड्याळही चालवून घ्यायचं आणि बॅटरीही वाचवायची, हे होणार नाही. आधी ठरवा, भीती कशाची. बॅटरी उतरण्याची, उंदराची, की चोराची? चोर तर बॉनेट उघडून स्विच फिरवेल.

घरातल्या वादांत सहसा कुणी कुणाला निरुत्तर करत नाही. इथे एकदा झालं, तेही स्विच कसा लावायचा यावर नव्हे, तो कधी फिरवायचा यावर. दादा अभिमानाने सांगत होता की जुने ड्रायव्हर किल्ली काढली की त्याच हाताने मेन स्विच पाडायचे, उतरायच्या आधीच.

मुक्ता : आजच्या ट्रकला तसं करून बघा. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं. डिझेल ट्रकच्या धुरात युरियाचं द्रावण फवारतात. किल्ली बंद झाल्यावर त्याचा पंप थोडा वेळ उलटा चालतो आणि नळीत राहिलेलं द्रावण टाकीत परत ओढतो. तेवढ्यात मेन स्विच पाडला तर द्रावण नळीतच राहतं, पाणी उडून जातं आणि आत पांढरे खडे धरतात. पंप जातो. त्याची किंमत विचारा तुमच्या ओळखीच्या ट्रकवाल्याला.

दादा : म्हणून त्याचा पंप गेला होय? तो म्हणतो, गाडीच भिकार आहे.

मुक्ता : पॅनेलवर दिवा असतो. तो विझेपर्यंत थांबायचं.

दादा : हे त्या ड्रायव्हरला सांगितलं कुणी? वीस वर्षं आम्हीच त्याला सांगत आलो, उतरताना मेन बंद कर म्हणून. आता तेच केलं तर पंप जातो. तुम्ही नियम उलटा केलात आणि सांगायला एक मिणमिणता दिवा लावलात. डिझाइन करताना ड्रायव्हर कुठं बसलेला असतो तुमच्या टेबलावर?

याला मुक्ताजवळ उत्तर नव्हतं. माझ्याजवळही नाही. वाद तिने जिंकला हे खरं, पण दादाचा राग मला तिच्या उत्तरापेक्षा जास्त रास्त वाटला.

पेट्रोल गाडीत युरिया नाही, तरी किल्ली काढल्यावर इंजिनचा कॉम्प्युटर आपल्या नोंदी लिहून झोपायला थोडा वेळ घेतो. तेव्हा माझ्यासाठी ठरलं ते असं की किल्ली काढायची, सामान उतरवायचं, मग बॉनेट उघडून स्विच. इंजिन चालू असताना तर हात लावायचाच नाही. चालत्या अल्टरनेटरची बॅटरी अचानक तोडली तर करंटला जायला जागा उरत नाही आणि व्होल्टेज क्षणात ऐंशी-शंभरपर्यंत उसळू शकतं. आताच्या अल्टरनेटरमध्ये ते पस्तिसाच्या आसपास रोखणारे डायोड असतात. आठ वर्षांच्या गाडीत ते कितपत शाबूत आहेत याची परीक्षा घेण्याची मला हौस नाही.

दादा : मग शर्यतीच्या गाड्यांचं काय? त्यांचा स्विच तर चालत्या गाडीतच पाडतात, बाहेरूनसुद्धा.

मुक्ता : त्यांचा वेगळा असतो. एफआयएच्या नियमाप्रमाणे तो स्विच इंजिनही बंद करतो, आणि आतून-बाहेरून दोन्हीकडून चालतो. बाहेर निळा त्रिकोण, पांढरी कड, आत लाल वीज, पाया निदान बारा सेंटिमीटर, म्हणजे धुरातही दिसावा. त्याला दोन जाड टोकं आणि चार बारीक. बारीक टोकांतून इग्निशन तुटतं, आणि अल्टरनेटरची उसळी तीन ओहमच्या रेझिस्टरमधून जमिनीत जाते. तुमच्या हिरव्या मुठीत यातलं काय आहे?

दादा : अगं, खिशात टाकली ना ती आता!

शेवटी जागेवरून अडलं ते अजून पुरतं सुटलेलं नाही. दादाला स्विच सीटखाली हवा, हात खाली गेला की सापडेल असा. त्यासाठी जाड केबल फायरवॉलमधून आत आणावी लागेल, रबरी ग्रोमेट घालून, नाहीतर पत्र्याची कड तिला कापेल. केबल वाढली की व्होल्टेजची गळतीही वाढते. मुक्ताला तो बॉनेटमध्ये, बॅटरीच्या ट्रेपासून हातभर अंतरावर हवा. मी मुक्ताच्या बाजूने कौल दिला. मला हा स्विच वर्षातून एकदा-दोनदा फिरवायचा आहे. सीटखाली तो असला तर सामान ठेवताना कुणाचा तरी पाय लागेल.

केबल २५ चौरस मिलिमीटरची ठरली, मूळ केबलपेक्षा पातळ नाही. थिंबल हातोडीने ठोकून बसवायचं नाही, नीट क्रिम्प करायचं आणि वर श्रिंक स्लीव्ह चढवायची, यावर दोघांनी मला एकाच सुरात बजावलं, जणू मीच हातोडी घेऊन निघाले होते. स्विच लाल किल्लीचा, किल्ली काढून घेता येणारा. ती मी मेलबर्नला नेणार नाही, घरातच राहील. स्विच बंद असताना रिमोटने दार उघडणार नाही, साध्या किल्लीने उघडेल. ज्यांची बॅटरी डिकीत असते आणि डिकी विजेच्या बटणावर उघडते, त्यांनी मात्र हा खेळ करू नये.

जायच्या आधी बॅटरी भरून १२.६ व्होल्टवर आणायची. स्विच बंद असला तरी बॅटरी आपली आपण महिन्याला काही टक्के उतरतेच, उन्हाळ्यात जास्त. परत येईन तेव्हा बारा पॉइंट चारच्या आसपास मिळाली तर सेल्फ बसेल. त्यानंतर घड्याळ लावायचं, खिडकीची काच एकदा पूर्ण वर नेऊन बटण दाबून धरायचं म्हणजे ऑटो परत शिकते, आणि पहिले काही किलोमीटर आयडलिंग थोडं वरखाली झालं तर घाबरायचं नाही. रेडिओ कोड मागेल. कोडचं कार्ड गाडीच्या पुस्तिकेच्या पाकिटात होतं. मुक्ताने त्याचा फोटो काढून घेतला. दादाने कार्डच मागितलं.

दादा : फोटो तुझ्या फोनमध्ये, फोन तुझ्या खिशात आणि तू चाकणला. कार्ड माझ्याकडे दे. आणि तो डॅशकॅम परत लावणार असशील तर किल्लीच्या लाइनवर मी लावतो, दुकानात नेऊ नकोस.

मुक्ता : मामा, तुम्ही लावाल तेव्हा मी समोर असेन.

दादा : ये की. टॉर्च धरायला कुणीतरी लागतंच.